आहुप्याची देवराई: गाडी नक्की कुठपर्यंत जाते? (मदत हवी आहे)

केवडा७२
नमस्कार. येत्या शनिवारी आहुप्याला (पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका) देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल, बघायला जायचंय. दोन तास नेटवर शोधलं, जिथे तिथे ट्रेकचीच माहिती. मला एवढंच हवंय: गाडी कुठपर्यंत जाते, देवराईत किती चालावं लागतं आणि जेवणाची सोय होते का. कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर पटकन सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

घाटवाट
आहुप्याला जायचं तर खोपिवलीतूनच. मुरबाडहून सकाळी लवकर पोहोचा आणि घाट चढायला घ्या. वर येईपर्यंत गोरखगड-मच्छिंद्रगड असे समोर उभे राहतात की पाय दुखतायत हे विसरायला होतं. माणशी तीन लिटर पाणी ठेवा, वाटेत भरवशाचं पाणी नाही. गाडीने जाणाऱ्याला आहुपे कळतच नाही.

केवडा७२
घाट चढायचा नाही. गाडीने जायचंय, वर लिहिलंय.

मंचरकर
ताई, आधी सांगा निघणार कुठून? पुण्याहून, नाशिकहून की कल्याणकडून? गाडी कोणती, किती जण, मुक्काम आहे की त्याच दिवशी परत? याशिवाय कोण काय सांगणार?

केवडा७२
पुण्याहून. छोटी गाडी, तिघं. त्याच दिवशी परत.

मंचरकर
मग सोपं आहे. नाशिक रस्त्याने मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव, पुढे डिंभे. डिंभ्याला भीमाशंकरचा रस्ता सोडायचा आणि धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने आहुप्याकडे निघायचं. रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद. समोरून एसटी आली तर तुम्हालाच मागे यावं लागेल, म्हणून चालवणारा सवयीचा हवा. पेट्रोल आणि रोख पैसे घोडेगावातच बघून घ्या. पुढे फोनची रेंज येते-जाते.

रातवा
देवराईत रात्री चमकणारी बुरशी बघायला विसरू नका! कुजलेल्या लाकडावर असते, मायसीना प्रजातीतली. टॉर्च बंद करून दहा मिनिटं अंधारात उभं राहिलं की हळूहळू हिरवट उजेड दिसायला लागतो. मी ट्रायपॉड लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं होतं. लेन्स कोणती आहे तुमच्याकडे?

सोनकी
@रातवा, नोव्हेंबर चाललाय. ती बुरशी भर पावसाळ्यात, जंगल निथळत असताना दिसते. आणि भीमाशंकर अभयारण्यात रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नसतं, हे नव्या माणसाला आधी सांगा. ताई, मी तर म्हणेन मेअखेरीस भंडारदऱ्याला जा, काजवे बघा. सादडा, हिरडा, बेहडा, झाडंच्या झाडं एका तालात उघडमीट करतात.

रातवा
काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला किती गाड्या जातात ते बघितलंय का? हेडलाइटच्या उजेडात काजवे एकमेकांना खुणा कशा करणार? नर चमकतो तो मादीला दिसावा म्हणून. तिकडे आणखी माणसं कशाला पाठवता?

सोनकी
म्हणूनच मी दरवेळी लांब गाडी लावून चालत जाते. चूक जागेची नाही, माणसांची आहे.

केवडा७२
मला काजवे नकोत आणि बुरशीही नको. देवराईत किती चालावं लागतं, एवढंच कोणीतरी सांगा.

चाफेकळी
ताई, रागावू नका. तिघं म्हणजे कोण कोण? लहान मूल आहे का, वयस्कर कोणी आहे का? चालणं थोडं की फार हे त्यावरच ठरतं.

केवडा७२
मी, भाऊ आणि आई. आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर चालते, चढ-उतारावर हात धरावा लागतो.

घाटवाट
हे आधी सांगायला हवं होतं. मग खोपिवलीचं मी लिहिलेलं सोडून द्या.

चाफेकळी
गाडी गावापर्यंत जाते, देवराईत पायीच. अंतर फार नाही, पण वाट पायवाटेची. मुळं वर आलेली, पानांखाली दगड लपलेले. नोव्हेंबरमध्ये जमीन सुकते ते बरं. पावसाळ्यात आईंना नेऊ नका असंच म्हटलं असतं. काठी हवीच, उतरताना जास्त. गावातला कोणी तरी वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे आधी बोलून ठरवा. जेवणाचं आदल्या दिवशी कळवलंत तर एखाद्या घरी पिठलं-भाकरी होते, आयत्या वेळी कोणाला अडचणीत टाकू नका. एक विचारू? भीमाशंकरला चांगला रस्ता आहे, शेकरूही दिसतं. गुडघा दुखत असताना आहुपेच का?

केवडा७२
बाबा १९७४ ते ७९ त्या खोऱ्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई घोडेगावात भाड्याच्या खोलीत राहायची. बाबा शनिवारी चालत यायचे, रविवारी परत जायचे. एकदा त्यांनी आहुप्याच्या देवराईतून गारंबीच्या वेलाची बी आणली होती. आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये, ती अजून आहे. रुपयापेक्षा मोठी, चपटी, गडद तपकिरी, एका कडेला थोडी झिजलेली. बाबा जूनमध्ये गेले. आता आई म्हणते, देवराईतलं पान उचलायचं नसतं आणि आपण बी घरात ठेवली. तिला ती परत ठेवायची आहे, आणि तो वेल एकदा बघायचाय. इतकी वर्षं घोडेगावात राहून तिने आहुपे पाहिलंच नाही. म्हणते, नदीकाठाचा रस्ता मला ठाऊक आहे, मी दाखवीन.

मंचरकर
ताई, आईंना घरीच नीट सांगून ठेवा: तो नदीकाठ आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदीवर धरण झालं आणि काठची गावं उठली. त्या खुणा शोधतील आणि समोर नुसतं पाणी दिसेल. आणि वाटेत माळीण लागेल. मास्तरांकडून त्यांनी ते नाव शंभरदा ऐकलं असेल. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, त्यानेच पहिली खबर दिली. आता तिथे स्मारक आहे. थांबायचं की नाही ते आईंना ठरवू द्या, पण गाडीत अचानक कळायला नको.

केवडा७२
माळीणचं तिला माहीत आहे. तेव्हा दोन दिवस टीव्हीसमोरून उठली नव्हती. धरणाचं आज रात्री सांगते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

रोपवाटिका
बी परत ठेवून काय होणार? गारंबीचं कवच दगडासारखं असतं. समुद्रातून वाहत जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर रुजतात त्या बिया. एका कडेला पॉलिश पेपरने घासा, आतला पांढरा भाग दिसला की कोमट पाण्यात दोन दिवस भिजवा आणि मोठ्या कुंडीत लावा. मी अशा दोन उगवून आणल्यात.

सोनकी
@रोपवाटिका, हा शंभर फूट चढणारा वेल कुंडीत? त्यांनी उगवायची कशी हे विचारलेलंच नाही.

देवरहाटी
माझी सगळ्यांनाच विनंती आहे, देवरायांचे पत्ते असे उघड लिहू नका. आमच्या कोकणातल्या एका राईत रीलवाले आले, गारंबीला झोपाळ्यासारखे लटकले आणि जुना वेल फाटून खाली आला. शेकडो वर्षं देवाच्या धाकाने जपलेलं एका दुपारी गेलं.

चाफेकळी
वाईट झालं. पण आहुपे काही लपलेलं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहून ठेवलंय. गावात चार पाहुणे येतात, भाकरीचे पैसे मिळतात, तेही राई टिकवायला उपयोगी पडतं.

देवरहाटी
पैसा आला की आधी देवळाला सिमेंट लागतं, मग फरशी, मग पार्किंग. डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो.

मंचरकर
आहुप्याच्या माणसांचं पोट पाहुण्यांवर नाही, बाळहिरड्यावर चालतं. उन्हाळ्यात कोवळा हिरडा झोडायचा, वाळवायचा, विकायचा. २०२० च्या निसर्ग वादळात झाडं आडवी झाली, तर भरपाईसाठी महादेव कोळी कुटुंबांना कित्येक वर्षं झगडावं लागलं. देवराईवर बोलताना हेही बोला.

रातवा
शेकरूंची घरटी हिरड्यावर असतात का हो?

चाफेकळी
उंच आणि फांद्या एकमेकांत गेलेलं कुठलंही झाड चालतं त्याला. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. केवडाताई, एक राहिलं. बी आपली आपण ठेवून येऊ नका. देवाचं बघणारं घर विचारा, त्यांना सगळं सांगा आणि ते म्हणतील तिथे ठेवा. चपला कुठे काढायच्या तेही तेच सांगतील. प्रत्येक राईची रीत वेगळी असते. आईंसाठी जाड मोजे घ्या, अनवाणी खडे टोचतात.

केवडा७२
मोज्यांचं बरं सुचवलंत. उद्या पहाटे पाचला निघतोय.

केवडा७२
(सोमवार) जाऊन आलो. कोणाला पुढे लागेल म्हणून लिहून ठेवते.

डिंभ्याच्या पुढे आईने काच खाली केली ती आहुप्यापर्यंत वर केली नाही. पाण्याकडे बघून एकदाच म्हणाली, "इथे बाजाराची वाट होती." माळीणला उतरली, स्मारकावरची नावं आडनावांवरून वाचत गेली. ओळखीची तीन आडनावं निघाली.

आहुप्यात एका आजोबांनी बी हातात घेतली, झिजलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि कुठल्या साली नेली होती ते विचारलं. देवापुढे नको, वेलाच्या बुडाशीच ठेवा, असं म्हणाले. गारंबी माझ्या मांडीहून जाड आहे, पीळ घातलेल्या दोरासारखी एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. आईने खाली बसायचा हट्ट धरला. भावाने आणि आजोबांनी दोन्हीकडून धरून बसवलं. तिने पानं बाजूला केली, बी ठेवली, पानं परत ओढली. मग उठायच्या आधी पानं पुन्हा बाजूला करून बी एकदा बघितली.

चालण्याचं मीच विचारलं होतं, तर: छोटी गाडी गावापर्यंत आरामात जाते. पुढे आईच्या चालीने, दोनदा बसून, पाऊण तास लागला. येताना जास्त, कारण वाटाड्या मुलाने शेकरू दाखवलं आणि ते झाडावरून हलेपर्यंत आई हलेना. जेवण आदल्या दिवशी सांगितलं होतं: नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मोजे भोकं पडून परत आले. दोन जोड घ्या.