मदत हवी आहे : दोन कॅमेऱ्यांच्या ६४ क्लिप्स घटनाक्रमाने कशा लावायच्या?

दिवसभराच्या एका कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. गोप्रो कॅमेऱ्याच्या ४१ क्लिप्स, फोनच्या २३. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती वापरतोय. सगळ्या फाइल्स निवडून टाइमलाइनवर (क्लिप्स एकापुढे एक लावायच्या पट्टीवर) ओढल्या तर क्रम भलताच लागला. एकाच भाषणाचा पहिला भाग सुरुवातीला आणि उरलेला पार शेवटी. हाताने सरकवायला गेलं की मागे रिकामी जागा राहते, आणि जिथे क्लिप सोडतो तिथली आधीची क्लिप पुसली जाते. नीट पद्धत कोणती?

प्रतिसाद १

क्रम टाइमलाइनवर लावायला जाऊ नका. तो आधी फोल्डरमध्ये लागला पाहिजे.

भाषण तुटलंय ते फाइलच्या नावांमुळे. गोप्रो मोठं रेकॉर्डिंग तुकड्यांत साठवतो. नावात अक्षरांनंतरचे दोन अंक तुकड्याचे, शेवटचे चार अंक रेकॉर्डिंगचे. म्हणजे जीएच०१००३४ चा पुढचा तुकडा जीएच०२००३४. नावाने सॉर्ट केलं की सगळ्या रेकॉर्डिंगांचे ०१ आधी येतात आणि ०२ त्यांच्या मागे. नाव बदलून रेकॉर्डिंगचा क्रमांक पुढे आणा: ००३४_०१, ००३४_०२. क्रमांक देताना पुढची शून्यं गाळू नका, कारण अनेक प्रोग्रॅम १ नंतर १० लावतात आणि २ मागे ढकलतात.

नावं इम्पोर्ट करण्याआधीच बदला. नंतर बदललीत तर रिझॉल्व्हला फाइल सापडत नाही आणि क्लिप लाल दिसते. तुमचं एडिटिंग अजून सुरू झालेलं नाही, तेव्हा क्लिप्स मीडिया पूलमधून (रिझॉल्व्हमध्ये आणलेल्या फाइल्स दिसतात त्या भागातून) काढून नव्याने आणणं सोपं.

प्रतिसाद २

वरचं फक्त गोप्रोपुरतं झालं. फोनच्या क्लिप्स मधेमधे बसवायच्या तर चित्रीकरणाची वेळच हवी. त्यासाठी फोल्डरमधल्या तारखेवर विसंबू नका. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘तयार झाल्याची तारीख’ कॉपीच्या वेळेची होते. खरी वेळ व्हिडिओच्या आत नोंदलेली असते. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम ती वाचतो आणि सगळ्या फाइल्सना वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद असं नाव एका फटक्यात देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिप्समध्ये मूळ वेळ शिल्लक असेल असं धरू नका. फोनमधून थेट केबलने घ्या.

इथे फसगत होते ती अशी : फोन सहसा जागतिक प्रमाणवेळ नोंदवतो, बरेच कॅमेरे स्वतःच्या घड्याळातली. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ काही मिनिटं पुढेमागे असतंच. दोन्हींत दिसणारा एकच क्षण शोधा (टाळी, दिवा लागणं), फरक काढा आणि एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइल्सची वेळ तेवढी सरकवा. हेही एक्झिफटूलमध्ये होतं. आधी मूळ फाइल्सची प्रत ठेवाच. गोप्रोच्या तुकड्यांना मात्र नुसत्या वेळेवर सोडू नका, नावात रेकॉर्डिंगचा आणि तुकड्याचा क्रमांकही राहू द्या.

प्रतिसाद ३

आता रिझॉल्व्हमधलं. मीडिया पूल लिस्ट व्ह्यूमध्ये (यादीच्या रूपात) घ्या, नावाच्या स्तंभावर क्लिक करून चढता क्रम लावा, सगळ्या क्लिप्स निवडा, राइट क्लिक करून ‘क्रिएट न्यू टाइमलाइन यूझिंग सिलेक्टेड क्लिप्स’. मीडिया पूलमध्ये दिसतो तोच क्रम टाइमलाइनवर उतरतो.

त्यानंतर दोन-चार क्लिप्स हलवाव्या लागतीलच. नुसतं ओढलं तर क्लिप खालची जागा व्यापते, म्हणून पुसली जाते. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ओढा, म्हणजे ती दोन क्लिप्सच्या मधे शिरते आणि बाकीच्या सरकून जागा देतात. शेजारच्या क्लिपशी अदलाबदल करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि स्वल्पविराम (डावीकडे) किंवा पूर्णविराम (उजवीकडे). मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. काढून टाकताना विंडोजवर बॅकस्पेस दाबलं तर भोक राहतं, डिलीट दाबलं तर मागचं सगळं पुढे येतं. आधीच पडलेली भोकं ‘एडिट’ मेनूतल्या ‘डिलीट गॅप्स’ने जातात.

धागाकर्ता

नावं बदलून भाषण जुळलं. पण खाली पार्श्वसंगीत टाकलंय. क्लिप मधे घुसवली की संगीतही तिथे तुटतं. आणि एका क्लिपचं चित्र सरकलं, आवाज मागेच राहिला.

प्रतिसाद ३

संगीताच्या ट्रॅकला कुलूप लावा, ट्रॅकच्या डाव्या टोकाला चिन्ह आहे. मग वरच्या हालचालींचा त्यावर परिणाम होत नाही. खरं तर क्रम पक्का होईपर्यंत संगीत टाकूच नये. आवाज मागे राहिला म्हणजे ‘लिंक्ड सिलेक्शन’ बंद आहे : टाइमलाइनच्या वरचं साखळीचं चिन्ह, किंवा कंट्रोल-शिफ्ट-एल. आधी अनडू करून त्या क्लिपचं चित्र-आवाज पुन्हा जागेवर आणा, मगच साखळी सुरू करा. नाहीतर चुकलेलं अंतर तसंच राहून दोन्ही एकत्र सरकत जातील.