पिकअपच्या मागच्या हौसिंगचा रेशो : ४.१० घ्यावा की ४.५६?

यवतेश्वरचा वाटसरू (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे खासगी नोंदणीची, डबल केबिनची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी अडीच लिटर टर्बो डिझेल पिकअप आहे. मागच्या हौसिंगमध्ये (मागच्या चाकांमधल्या दातेरी चाकांच्या पेटीत) क्राऊनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, ४१ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ११ दात, म्हणजे रेशो ३.७३ आहे. मूळ टायर २३५/७५ आर १५ मापाचे होते; गेल्या दिवाळीत मी त्यांच्या जागी ३१ इंची टायर बसवले आणि तेव्हापासून गाडीचा उठाव गेला. कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात वळणातून बाहेर पडले की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते आणि तिसरा टाकला की ते मरगळते. टर्बो इंजिनच्या मिनिटाला साधारण १६०० फेऱ्यांना भरतो. तिसरा गिअर १.४० आणि पाचवा ०.८० आहे. याशिवाय दर आठवड्याला खंबाटकीमार्गे पुण्याला जाणे-येणे असते. गाडी चपळ व्हावी एवढीच इच्छा आहे. ओझे क्वचितच असते. मित्राचा आग्रह आहे की थेट ४.५६ चा जोड (क्राऊन-पिनियनची जोडी) टाकावा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धुरा आणि दात (वाई)

टायर बदलले त्याच दिवशी आपला रेशोही बदलला, हे आधी लक्षात घ्यावे. मूळ टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होता आणि ३१ इंची टायरचा ७८७, म्हणजे चाक सात टक्क्यांनी उंच झाले. त्यामुळे हौसिंगमध्ये ३.७३ असला तरी गाडीला तो ३.४७ सारखाच लागतो. कारखान्यातून आली तेव्हाचा उठाव परत हवा असेल, तर ३.७३ ला त्याच प्रमाणात वाढवावे लागते आणि उत्तर ४.०० च्या आसपास येते. त्याला सर्वांत जवळचा सहज मिळणारा जोड म्हणजे ४.१०.

आता आपण सांगितलेल्या आकड्यांवरूनच हिशेब करू. वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून त्याचा चालता परीघ २.४२ मीटर धरला आहे. यवतेश्वरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला इंजिन आज सुमारे १४४० फेऱ्यांवर असते, म्हणजे टर्बोच्या बरेच खाली. तिथेच ते मरगळते. १६०० गाठण्यासाठी आपल्याला जवळजवळ ४५ चा वेग लागतो आणि त्या वळणांतून बाहेर पडताना तो नसतो. ४.१० घातल्यास हेच काम ४१ ला होईल आणि ४.५६ घातल्यास ३६-३७ ला. इथवर ऐकले तर आपले मित्र बरोबर वाटतील.

परंतु पुण्याच्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० ला सध्या सुमारे २०५० फेऱ्या होतात, त्या ४.१० मध्ये २२६० आणि ४.५६ मध्ये २५०० च्या वर जातील. घाटातला आणखी ताशी चार किलोमीटरचा फायदा मिळवण्यासाठी आपण शिरवळपासून पुण्यापर्यंत दर मिनिटाला अडीचशे जादा फेऱ्यांचा आवाज आणि डिझेल भरणार आहात. शिवाय ओझे नसताना ४.५६ मध्ये पहिला गिअर इतका आखूड होतो की गाडी हलते न हलते तोच तो बदलावा लागतो, आणि गिअर बदलण्यात गेलेला वेळ चपळाईतून वजा होतो. रेशो ताकद निर्माण करत नाही. आहे ती ताकद कोणत्या वेगाला हाती लागेल, एवढेच तो ठरवतो.

अमेरिकेतील रस्त्यावरच्या वेगवान पिकअपसाठी लोक ३.७३, ४.१० असे आकडे सांगतात, ते बहुधा पाच-साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत मोकळेपणाने जाणाऱ्या पेट्रोल व्ही-८ इंजिनांसाठी असतात. आपले डिझेल चार हजारांच्या आसपास थकते, त्यामुळे तिकडचा आकडा जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. माझे मत ४.१०.

कृष्णाकाठ (मिरज)

हिशेबाशी सहमत आहे. बसवण्याविषयी थोडे सांगतो, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी मी हौसेने ४.५६ घातला. बसवणाऱ्या कारागिराने जुन्याच शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) आणि जुनीच दबणारी स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) वापरली, आणि मिरजेहून कोल्हापूरला जाताना ७० ते ८० च्या दरम्यान अशी शीळ सुरू झाली की शेजारच्याशी बोलता येईना. उघडून दातांना निळा रंग लावला, तेव्हा ठसा दाताच्या मधोमध न उमटता वरच्या कडेला उमटला होता. पिनियन क्राऊनपासून दूर राहिला की असेच होते. शिम वाढवून तो आत घेतल्यावर ठसा मध्यावर आला, पण तोवर दातांवर रेघा पडल्या होत्या आणि जोड बाद झाला. क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीनेच तयार केलेले असतात. एका जोडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन कधीही एकत्र करू नये.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी विचारून घ्यावी. काही हौसिंगमध्ये सर्व रेशोंना एकच कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) चालत नाही. उदाहरणार्थ, ‘डाना ४४’ या हौसिंगमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा लागतो. आपल्या हौसिंगमध्येही अशी विभागणी असल्यास खर्च बराच वाढेल.

४१ ला १० ने भागले की ४.१०, ११ ने भागले की ३.७३ आणि ९ ने भागले की ४.५६. हे आकडे मुद्दाम असे विचित्र ठेवतात, कारण त्यामुळे पिनियनचा एक दात दर फेरीला क्राऊनच्या वेगळ्या दाताशी गाठ घेतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. मात्र पिनियनचे दात कमी झाले की पिनियनही बारीक होतो, आणि ४.५६ नको म्हणण्याचे माझ्यापुरते तेही एक कारण आहे.

नांगरट (कराड)

मी वेगळे सांगतो. मूळ मापाचे टायर परत चढवा. प्रश्न फुकटात सुटेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही विचार करावा. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल केल्यास अपघातानंतर विमा कंपनी अडून बसू शकते.

यवतेश्वरचा वाटसरू (सातारा)

सर्वांचे आभार. कराडकरांचा मुद्दा पटतो, त्यामुळे टायरच्या मापाबद्दल परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करूनच पुढे जाईन. मूळ टायर घरी जपून ठेवलेले आहेत. आज सकाळी दोघांना गाडीत बसवून टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली व चाक एक फेरी ढकलले; टेपने २.३९ मीटर भरले. ४.१० कडे मन झुकले आहे. स्पीडोमीटरचे काय होईल?

धुरा आणि दात (वाई)

वेग कुठून मोजला जातो, त्यावर ते अवलंबून आहे. गिअरबॉक्सच्या शेपटीला सेन्सर असेल आणि मीटर मुळात अचूक धरला, तर आज खऱ्या १०० ला तो ९३ दाखवत असणार, ४.१० घातल्यावर तो १०२-१०३ दाखवील, जे अधिक सुरक्षित आहे. सेन्सर चाकाच्या हबवर असेल तर क्राऊन-पिनियन बदलल्याने काहीच फरक पडणार नाही आणि ९३ तसेच राहील. गाडीखाली जाऊन तार कुठे जाते ते पाहावे. जोड बसल्यावर पहिले २५-३० किलोमीटर सावकाश चालवून हौसिंग पूर्ण गार होऊ द्यावे, पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत ओझे आणि घाट टाळावेत आणि त्यानंतर जीएल-५ प्रतीचे तेल बदलावे. जुन्या तेलात बोट बुडवून पाहिल्यास चंदेरी बारीक कीस दिसेल. तेवढा चालतो, पण चिमटीत धरता येईल असा तुकडा निघाला तर हौसिंग लगेच उघडावे.