एप्रिल लागला: बर्फासाठीचे खिळ्यांचे टायर कधी काढता? (आणि थोडा जळफळाट)

ग्रीनवेकर (मिनिआपोलिस, मिनेसोटा, अमेरिका)

मंडळी, प्रश्न दोन ओळींचा आहे, पण आधी जरा रडगाणं ऐका.

मी अपटाउनजवळ राहतो, काम विद्यापीठाच्या बाजूला, आणि येणं-जाणं बाराही महिने सायकलने. वाटेतला मोठा टप्पा मिडटाउन ग्रीनवेचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: शंभरेक वर्षांपूर्वी मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने आपल्या गाड्या शहरातल्या रस्त्यांच्या खालून जाव्यात म्हणून खणलेला लांबलचक खंदक. मालगाड्या गेल्या आणि 2000 सालापासून टप्प्याटप्प्याने तिथे सायकलमार्ग झाला, एकूण साडेपाच मैल. खंदकात ना सिग्नल, ना मोटारी. डोक्यावरून ओळीने पूल.

जानेवारीत उणे वीस सेल्सिअसला इथे आम्ही ठरलेली डोकी असतो. स्कीचे गॉगल, नाकापर्यंत मफलर, त्यामुळे कुणाचा चेहरा कुणाला ठाऊक नाही. ओळख सायकलवरून आणि जॅकेटवरून. समोरून कुणी आलं की हनुवटी जराशी वर, संपलं. बोलणार कसं, श्वासाने मफलर गोठून ताठ झालेला असतो.

आणि मग एप्रिल. एक दिवस ऊन पडतं, गॅरेजांची दारं उघडतात आणि अख्खं शहर खंदकात उतरतं. दोघं-दोघं शेजारी गप्पा मारत, कुत्र्याचा पट्टा हँडलला, कानात हेडफोन. वर रस्त्यावर तर स्टॉप साइन दिसली की पाय टेकून उभेच राहतात. अहो, ऑगस्ट 2023 पासून मिनेसोटात कायदाच आहे, कुणी येत नसेल तर सायकलने न थांबता जाता येतं! पण हे वाचणार कधी, ऑक्टोबरपासून सायकल खुंटीला.

याचंही काही नाही. शहर त्यांचंही आहे. मला चावतं ते वेगळंच.

परवा लिंडेल अव्हेन्यूच्या पुलाखाली एकाने मला मागे टाकलं. टायरवर नव्या रबराची लव अजून शाबूत, चेन चकचकीत. माझ्या चेनवर सगळ्या हिवाळ्याचं मीठ. पुढे गेला तर गेला, पण गेल्या गेल्या तिथेच ढेपाळला, बरोबर माझ्या पुढच्या चाकापुढे! आता मला ब्रेक मारायचा की त्याला मागे टाकायचं? टाकलं. तर पठ्ठ्या माझ्या मागच्या चाकाला चिकटला, वाऱ्याचा आडोसा फुकट. मग पुन्हा पुढे, पुन्हा ढिला. सेबो पुलाच्या चढापर्यंत हे चाललं, तेही एकमेकांकडे न बघता. बघितलं की शर्यत आहे हे कबूल केल्यासारखं होतं. इथल्या हौशी रेसिंगला पाच श्रेणी असायच्या. ऑफिसला जाताना लागते ती सहावी, असं इथले लोक चेष्टेने म्हणतात. सहाव्या श्रेणीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत: धापा ऐकू जाता कामा नयेत, ई-बाइकवाल्याने मागे टाकलं तर ते धरायचं नाही, आणि समोरचा मध्येच वळून गेला तर आपण जिंकलो.

माझी गोची अशी की टायर अजून खिळ्यांचे. कोरड्या डांबरावर तव्यात मोहरी तडतडावी तसा आवाज करतात. म्हणजे जड तर जड, वर गुपचूप मागून गाठायचीही सोय नाही. पुढच्याला अर्ध्या मिनिटाआधी वर्दी जाते आणि तो सावध होऊन पायडल दामटतो.

तर प्रश्न: काढू का आता? मन हो म्हणतं. पण 2018 विसरलो नाही, आंबेडकर जयंतीच्या आगेमागे इथे साधारण 15 इंच बर्फ पडला होता. शिवाय खंदकातले पूल दिवसा ठिबकतात, रात्री ते पाणी गोठतं आणि सकाळी सावलीत काचेसारखा पातळ थर असतो, जो दिसतच नाही. तुम्ही कोणती तारीख पाळता?

---

दुलुथी

मागचा काढा, पुढचा ठेवा. मागचं चाक घसरलं तर माणूस थोडा नाचतो, पण बहुधा सावरतो. पुढचं गेलं की कळायच्या आत खांदा जमिनीवर. वजनातला निम्मा फरक तरी पडेल, तेवढ्यावर समाधान मानून घ्या.

काढलेल्या टायरवर खडूने बाण काढून ठेवा. नोव्हेंबरात त्याच दिशेने बसवायचा, उलटा फिरवला तर खिळे सैल होतात. आणि कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारू नका, खिळे झिजत नाहीत फारसे पण उपटून पडतात. टोकं टंगस्टन कार्बाइडची असतात, स्वस्त नाहीत.

तारीख वगैरे काही नसते. आमच्याकडे दुलुथला सुपीरिअर सरोवरावरून वारा आला की मे महिन्यातही हातमोजे लागतात. पहाटेचं तापमान आठवडाभर शून्याच्या वर राहिलं की पुढचाही काढायचा.

---

ऋतुजा_एमएन

नमस्कार, खुंटीला सायकल टांगणाऱ्यांपैकी मी एक. एप्रिल ते ऑक्टोबर, हेडफोन नाही, कुत्रा नाही, मागच्या सीटवर चार वर्षांचा मुलगा आहे.

डिसेंबरात इथे साडेचारला अंधार पडतो. पाळणाघर साडेपाचला बंद होतं. त्या अंधारात, त्या गारठ्यात मी त्याला मागे बसवून खंदकातून न्यायचं, ते कशासाठी? कुणाची तरी हनुवटी जराशी वर व्हावी म्हणून? मी बसने जाते. आणि हो, स्टॉपला मी पाय टेकते. कायदा मला माहीत आहे. मागे मूल असताना "कुणी येत नाही" हे मी दोनदा बघते.

तुम्हाला जो छळ वाटतो तो आमच्या बाजूने कसा दिसतो तेही सांगते. मागून तडतड आवाज येतो, मग कानाशी "ऑन युअर लेफ्ट" असा हुकूम, आणि सर्रकन एक चिखलाने माखलेला माणूस कोपरापासून वीतभर अंतरावरून जातो. मुलगा दचकतो. घंटी मिळते हो दुकानात, दहा-बारा डॉलरला. दोन-तीन सायकलींइतकं मागे असतानाच वाजवा, मी स्वतः उजवीकडे सरकेन.

आणि तुमच्या जानेवारीत ग्रीनवेवरचा बर्फ भल्या पहाटे काढतात तो काय फक्त त्या ठरलेल्या डोक्यांसाठी? आम्ही उन्हाळ्यात गर्दी करतो, पत्रं लिहितो, सभांना जाऊन बसतो, म्हणून महापालिकेला तो रस्ता महत्त्वाचा वाटतो.

---

नॉरेब्रोची_नीला

कोपनहेगनहून लिहितेय. ऋतुजाताईंना +1, पण ग्रीनवेकर, तुमचं दुःखही कळतं.

आमच्या नॉरेब्रोगेडवर सकाळी शहराकडे जाताना सिग्नल ताशी 20 किलोमीटरला लावलेले असतात. त्या वेगाने चाललात तर हिरव्यावर हिरवा मिळत जातो. जो 28 ने मला मागे टाकतो तो पुढच्या लाल दिव्याला उभा असतो, आणि मी न थांबता त्याच्या शेजारून जाते. रोज. त्याच माणसाला. तो अजून शिकलेला नाही आणि त्याने शिकू नये असं मला वाटतं.

वसंतातला आमचा त्रास वेगळा. इथे थांबायच्या आधी हात वर करायचा असतो, मागच्याला कळावं म्हणून. हिवाळाभर सगळे नीट करतात. मग ऊन आलं की ड्रॉनिंग लुईसेस पुलावर लोक उन्हाच्या बाजूच्या बाकांवर बिअर घेऊन बसतात, आणि ओळखीचं कुणी दिसलं की सायकलवाला हात न करता आहे तिथे ब्रेक दाबतो. मागे आम्ही शंभर जण. डॅनिश माणूस एरवी परक्याशी बोलत नाही, पण तेव्हा बोलतो. मी त्यातले दोन-तीन शब्द शिकलेय, इथे लिहीत नाही.

अवांतर: मीठ धुता की नाही? बादलीभर कोमट पाणी, मग चेन कोरडी पुसून तेल. मी रविवारी करते. नुसतं तेल वर ओतलंत तर मिठाचा चिखल होतो आणि तो दाते खातो.

---

पेठेतला_पेन्शनर

वाचून करमणूक झाली. आमच्याकडे हंगाम उलटा. डिसेंबर उजाडला की खडकवासल्याच्या रस्त्यावर रविवारी पहाटे चड्डीवाल्यांचे थवे, शर्यत सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून कांदाभज्यांपर्यंत. पाडवा झाला की सगळे गायब. आता एप्रिलच्या दुपारी लक्ष्मी रोडला सायकलवर कोण दिसतं? डबे पोचवणारे, दुकानातली पोरं, आणि मी, बँकेत पासबुक भरायला.

मला पोरं मागे टाकतात. मी टाकू देतो. सत्तरीत दुसरा पर्याय नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मला शांत स्वभावाचा वगैरे म्हणेल. 1970 च्या सुमाराला कॉलेजला जाताना आत्ताच्या संचेती चौकापासून लकडी पुलावरच्या मित्रांना गाठण्यासाठी आम्ही जे हाणायचो, ते तुमच्या सहाव्या श्रेणीत बसणार नाही. तेव्हा पुण्यात बाराही महिने सगळेच सायकलवर. हंगामी कुणाला म्हणणार? नवी रॅले सायकल असलेल्यावर जळायचो, एवढंच.

---

ग्रीनवेकर

दुलुथीभाऊ, मागचा काल रात्री काढला. निम्म्या आवाजात किती सुख असतं! पुढचा राहू दे, आज सकाळी ब्लूमिंग्टन अव्हेन्यूच्या पुलाखाली थर होताच.

ऋतुजाताई, घंटी घेतो. मुलाला दचकवलेला मी नसेन अशी आशा आहे. माझं जॅकेट निळं. बर्फ काढण्याबद्दलचं पटलं. स्टॉपचं मूल मागे असेल तर पटलं, एरवी नाही. लिंडेलवाल्या गृहस्थाच्या मागे मूल नव्हतं.

नीला, कोमट पाण्याचं ठीक आहे, पण माझ्याकडे अपार्टमेंटला बाहेर नळ नाही. सायकल बाथटबात धुतल्यावर घरात काय ऐकावं लागतं यावर कुणी अनुभवी आहे का?

---

दुलुथी

आहे. चेनला जोडकडी (हाताने उघडता येणारी कडी) असेल तर फक्त चेन काढा, बरणीत साबणाचं पाणी घालून हलवा. टबाचा विषयच निघत नाही. बरणी मात्र लोणच्याची घेऊ नका.