ठोकळ्यांच्या गेममध्ये खराखुरा उजेड हवाच कशाला?

खाणीतला_उंदीर:
माइनक्राफ्टमध्ये आरटीएक्स, म्हणजे उजेडाच्या किरणांचा मार्ग शोधून (रे ट्रेसिंग) चित्र काढणारी सोय, दिसायला भारी दिसतं हे आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे स्क्रीनशॉट टाकून मला गप्प करायचा मोह कुणाला व्हायला नको. माझं म्हणणं वेगळंय. माइनक्राफ्टमधला उजेड हा मुळात उजेड नाहीच, तो हिशोब आहे. 0 ते 15 आकडे, ग्लोस्टोन (चमकणारा दगड) आणि लाव्हा 15, साधी टॉर्च म्हणजे मशाल 14, निळ्या ज्योतीची सोल टॉर्च 10, आणि दर ठोकळ्यामागे एक कमी. बस. हा उजेड कोपऱ्यावरून वळतो, खांबाला वळसा घालून मागे जातो, त्याला ना रंग ना दिशा. खऱ्या जगात असला उजेड नसतो हे मलाही कळतं, पण अख्खा गेम त्याच आकड्यांवर चालतो ना! झोंबी कुठे उगवणार, बर्फ कुठे वितळणार, सगळं तिथेच ठरतं, गव्हाला सुद्धा वाढायला 9 लागतो.

आता परवाची गंमत ऐका. मित्राच्या पीसीवर आरटीएक्स लावून गुहेत उतरलो. खाली लाव्हाचं तळं, आणि त्याचा केशरी उजेड पार वरच्या कड्यापर्यंत चढलेला, म्हटलं वा, इथे टॉर्च लावायची गरजच नाही, आणि निवांत लोखंड खणत बसलो. मागून सस्स्स. क्रीपर, तो जवळ येऊन फुटणारा राक्षस. गेलो. गेमच्या हिशोबात त्या कड्यावर उजेड शून्य होता, कारण लाव्हाचे 15 पंधराव्या ठोकळ्यावर संपतात, आणि मी होतो वीसेक ठोकळे वर. म्हणजे डोळ्यांना एक दिसतंय आणि गेम दुसरंच धरून चाललाय. ह्याला रिअलिस्टिक म्हणायचं का थाप?

रंगीत_काच:
जोरदार असहमत! उंदीरमामा तुम्ही खाणीतून कधी वर येताच कुठे म्हणा 😄

मी सर्व्हायव्हल, म्हणजे राक्षसांपासून जीव वाचवत खेळायचा प्रकार, जवळपास खेळतच नाही, मी बांधते. आणि बांधणाऱ्याला विचारा साधा उजेड किती छळतो ते. रंगीत काचांची मोठी खिडकी बनवायला मला एकदा चार दिवस लागले होते, निळी, जांभळी, मध्ये पिवळी, आणि आत येणारा उजेड? पांढरा. काच लाल लावा नाहीतर काळी लावा, खालची जमीन तश्शीच. बीकन नावाच्या ठोकळ्यातून आकाशात जाणारा झोत तेवढा काचेतून जाताना रंग घेतो, बाकी सूर्याला काच आहे का नाही ह्याचा पत्ताच नाही. तीच इमारत आरटीएक्समध्ये उघडली तर सगळी फरशी रंगांनी भरलेली. मी दहा मिनिटं नुसती तिथे उभी होते, खरं सांगते.

आणि दुसरं म्हणजे सावली नसेल तर भिंतीला खोली येत नाही. साध्या ग्राफिक्समध्ये भिंत उठून दिसावी म्हणून आम्ही काय काय करतो, खांब एक ठोकळा पुढे काढा, खिडकी आत ढकला, तीन प्रकारचे दगड मिसळा. ही सगळी सावलीची नक्कल आहे हो. खरी सावली मिळाली की साधी सपाट भिंत पण बोलायला लागते.

खाणीतला_उंदीर:
@रंगीत_काच, म्हणजे आता भिंतीवर मेहनतच नको, सूर्य करेल सगळं. तेच तर म्हणतोय मी!! आधी बांधणाऱ्याचा हात दिसायचा, आता शेडर, म्हणजे उजेड-सावली रंगवणारा प्रोग्राम, दिसतो. सगळ्यांच्या बिल्ड्स एकसारख्या सोनेरी संध्याकाळीच का काढलेल्या असतात सांगा बरं.

रंगीत_काच:
ते मात्र खरंय 😂 त्याला कारण पण आहे. गेममध्ये सूर्य बरोब्बर डोक्यावरून पूर्व-पश्चिम जातो, त्यामुळे दुपारी सावली पडतच नाही आणि सगळं पोळपाटासारखं सपाट दिसतं. म्हणून बरेच शेडर सूर्याचा मार्गच थोडा कलता करून ठेवतात, मग दुपारी पण सावली तिरकी पडते. आता बोला, खऱ्यासारखं दिसावं म्हणून सूर्यालाच तिरका केला. मला चालतं. मला चित्र हवंय, भूगोल नकोय.

चौकोनी_चंद्र:
उंदीरराव तुमच्या क्रीपरबद्दल सहानुभूती आहे पण मुद्दा पटला नाही. साधा उजेड तुम्हाला खरं सांगतो हे तुम्ही धरून चाललात तेच चुकीचं आहे. पूर्वी 7 किंवा त्याखाली उजेड असला की राक्षस उगवायचे, तेव्हा डोळ्यांनी थोडा तरी अंदाज यायचा. 2021 च्या 1.18 आवृत्तीपासून ब्लॉक लाइट (टॉर्च, लाव्हा अशा ठोकळ्यांचा उजेड) पूर्ण 0 असेल तरच उगवतात. आता शून्य आणि एक ह्यातला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखून दाखवा. कुणालाच येत नाही! सगळे जण गेमच्या जावा आवृत्तीत एफ3 दाबून आकडा बघतात नाहीतर टॉर्चमधलं अंतर मोजतात. टॉर्च 14 ची, म्हणजे सरळ रेषेत तेराव्या ठोकळ्यावर 1 उरतो, तिथपर्यंत जागा सुरक्षित, आणि तो 1 उजेड दिसायला जवळपास काळोखच असतो.

थोडक्यात थाप तर जुना उजेड पण मारतोच, तुम्हाला तिची सवय झालीय एवढंच. आकडा हा नियम आहे आणि चित्र हे चित्र, दोन्ही वेगळे झाले तर बिघडलं कुठे? बुद्धिबळाच्या सोंगट्या लाकडी आहेत का हस्तिदंती ह्याने घोड्याची चाल बदलते का.

खाणीतला_उंदीर:
शून्य-एकचा मुद्दा मान्य, तिथे गप्प बसतो. पण त्यात एक बारीक फरक आहे. जुना उजेड चुकवतो तो माझ्या भल्यासाठी. अंधार दिसला म्हणून मी एक टॉर्च जास्त लावतो, नुकसान काय तर एक कोळसा. आरटीएक्स उलट्या बाजूने चुकवतं, उजेड दाखवतं आणि मारतं. बरं खांबामागे काळी कुळकुळीत सावली दिसते तिथे हिशोबाने 11-12 उजेड असतो, कारण आकडा वळसा घालून पोचलेला असतो, तिथे काहीच उगवत नाही. म्हणजे भीती वाटते तिथे धोका नाही आणि धोका आहे तिथे छान वाटतंय. बुद्धिबळात घोडा हत्तीसारखा दिसायला लागला तर चालेल का तुम्हाला?

जुना_मोबाइल:
तुमची चर्चा मोठ्या लोकांची चाललीय. आमचा फोन साध्या ग्राफिक्सवरच चपाती भाजण्याइतका तापतो.

गंमत बाजूला, पण हा प्रश्न कुणीच घेत नाहीये. 2017 ला माइनक्राफ्टचं चित्र सुधारणारं सुपर डुपर ग्राफिक्स पॅक नावाचं प्रकरण जाहीर झालं होतं, आठवतंय का? आम्ही वाट बघत बसलो, आणि ऑगस्ट 2019 मध्ये सांगितलं की हे फार जड जातंय, रद्द. मग आरटीएक्स आलं, एप्रिल 2020 ला बीटा आणि डिसेंबरमध्ये पूर्ण, ते चालणार फक्त विंडोजवर आणि रे ट्रेसिंग जमणाऱ्या ग्राफिक्स कार्डवरच. मग जून 2025 ला व्हायब्रंट व्हिज्युअल्स नावाचा नवा ग्राफिक्स मोड, त्यालाही फोन जरा दमदार लागतोच. दर वेळी उजेड येतो तो दुसऱ्याच्या घरी. एकाच सर्व्हरवर मित्र म्हणतो अरे काय सूर्यास्त आहे बघ, आणि मला दिसतोय एक पांढरा चौकोन खाली जाताना.

चौकोनी_चंद्र:
@जुना_मोबाइल, हे वाईट आहे खरं. पण ठोकळे म्हणजे रे ट्रेसिंगला त्रास असं नाहीये हां, उलट ठोकळ्यांच्या जगात किरणाचा मार्ग शोधणं सोपं, एका चौकोनातून पुढच्या चौकोनात जात राहायचं. टीअरडाउन हा गेम बघा, 2020 ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला, सगळं जग दहा-दहा सेंटीमीटरच्या ठोकळ्यांचं, आणि रे ट्रेसिंगचं खास हार्डवेअर नसलेल्या कार्डवर सुद्धा किरण सोडून उजेड काढतो. फोनवर चालेल असं म्हणत नाही, पण जडपणा सगळा ठोकळ्यांच्या माथी मारू नका. माइनक्राफ्टचं जग अफाट आहे आणि दर क्षणाला कुणीतरी त्यात काहीतरी फोडतंय, दुखणं तिथे आहे.

कंदील_कारखाना:
मी मधला मार्गवाला. पूर्ण आरटीएक्स मला पण नको, त्यात उजेडाचे किरण थोडेच सोडतात आणि बाकीचं चित्र गुळगुळीत करून भरून काढतात, त्यामुळे टॉर्च फोडली की तिचा उजेड क्षणभर भिंतीवर रेंगाळतो, भुतासारखा. ते मला डोळ्यात खुपतं. पण व्हायब्रंट व्हिज्युअल्स त्यातलं नाही, ते रे ट्रेसिंग नव्हेच. उन्हाला दिशा आहे, धुकं आहे, पाण्यात प्रतिबिंब आहे, आणि सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे सावलीच्या कडा पण चौकोनी, टेक्स्चरच्या पिक्सेलला जुळणाऱ्या. ज्याने हे ठरवलं त्याला गेम कळलाय. सोळा बाय सोळाच्या दगडावर मऊ मऊ सावली पडली की दगड खेळण्यातला वाटतो, तीच सावली पायऱ्यापायऱ्यांची पडली की त्याच जगातली वाटते.

आणि उंदीरराव, राक्षसांचा हिशोब त्याने बदलत नाही, ते जुन्याच आकड्यांवर. वाटलं तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, कुणी गळ्यात बांधलंय का.

अवांतर: टेरारिया ह्या दुसऱ्या गेममध्ये उजेडाचे चार मोड आहेत, रंगीत, पांढरा, रेट्रो आणि ट्रिपी. कधी कुणी भांडलेलं ऐकलं नाही, ज्याला जो हवा तो. आपणच का भांडतोय.

रंगीत_काच:
कारण टेरारियात मागून क्रीपर येत नाही 😄

खाणीतला_उंदीर:
कंदीलसाहेब, "बंद करा" हे सगळ्या वादांवरचं उत्तर झालं राव. मी बंद करीन, पण पुढचे ठोकळे, पुढच्या गुहा ज्याने आखायच्या तो कुठला उजेड समोर ठेवून आखणार? उद्या एखादी गुहा फक्त नव्या उजेडातच सुंदर दिसेल अशी बनवली तर ह्या मोबाइलवाल्याला काय, राखाडी भोक.

पण एक कबुली द्यायची राहिलीय, न दिली तर झोप यायची नाही. कंदीलसाहेबांचं वाचून काल घरच्या जुन्या वर्ल्डवर व्हायब्रंट व्हिज्युअल्स लावलं. माझी कोठी आहे, दोन वर्षांपूर्वी बांधलेली, आत टॉर्चच टॉर्च. सकाळ झाली तर पश्चिमेच्या भिंतीवर, पेट्यांच्या वर, उन्हाचा एक छोटा चौकोन. वर बघितलं तर छपरात एक ठोकळाच नाही. दोन वर्षं नाही! टॉर्चच्या 14 मध्ये ते वरून येणाऱ्या उन्हाचे 15 मिसळून गेले होते, कधी कळलंच नाही. आणि मी इतके दिवस विचार करतोय की बंद कोठीत कोंबडी आली कुठून.

रंगीत_काच:
मामा!!! 😂😂 मग आता काय, बुजवलं का?

खाणीतला_उंदीर:
नाही. काच लावली. पिवळी.

उजेड पांढराच येतोय ते सोडा.