गावातल्या पोरांनी भूशास्त्र शिकून काय दिवे लावायचे?

खारपाणी (धागाकर्ती):
काल वऱ्हाडच्या गटावर एका भाऊंची पोस्ट होती. "तालुक्याच्या कॉलेजनं बीएस्सी पहिल्या वर्षाच्या पोरांच्या गळ्यात भूशास्त्र-पर्यावरणाचा ऑनलाईन कोर्स मारला. दगड वळखाले मोबाईल लागते काय? तेवढ्या वेळात ग्राउंडवर धावली तर भरतीत तरी लागतील." खाली हसणाऱ्यांची रांग. तिथंच दोन ओळी खरडणार होते, पण राग दोन ओळींत मावेना.

हा कोर्स मी केलाय. दर्यापूर तालुक्यातलं गाव, रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीजवळ, तिथं बसून बारा आठवडे. पहिले पाच आठवडे मीही कंटाळले. अमेरिकेतला सॅन अँड्रियासचा भ्रंश, म्हणजे जमिनीतली सरकती भेग, तिथल्याच ग्रँड कॅन्यनचे थर, हिऱ्याची कठीणता १०, शंखजिऱ्याची १. आमच्या पूर्णेच्या गाळात खणलं की माती आणि तिच्याखाली पुन्हा मातीच. दगड बघायचा तर सातपुड्याकडं जा.

मग भूजलाचा आठवडा आला. आमच्या वावराला बाबांनी चार वर्षं बोअरचं पाणी दिलं होतं. वरून पांढरी पुटं धरली. पाऊस आला की लगदा, वाळलं की फरशी, डवरा टेकवला की नुसता घसरत जायचा. कृषी केंद्रवाल्यानं आधी झिंक दिलं, मग डीएपी दिलं. कोर्समधल्या बाईंनी साध्या रेघा ओढून दाखवलं: पाण्यातल्या सोडियममुळं चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, सुटलेले कण छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी मुरणं बंद होतं. कॅल्शियम दिला तर तो सोडियमची जागा घेतो. व्हिडिओ तसाच ठेवून जिना उतरले आणि बाबांना म्हटलं, जिप्सम टाका. बाबा म्हणाले, "हे तं दहा वर्षांआधी एका सायबानं सांगतलं होतं. पण काहून टाकाचं, ते नाई सांगतलं."

ते "काहून" मला मोबाईलवर मिळालं. दोन पावसाळ्यांनी त्या तुकड्यात हरभरा उभा राहिला. सगळ्या नाही, निम्म्या.

भरती_भाऊ:
ताई, ती पोस्ट माहीच. तुमचं वावर सुधरलं, आनंद आहे. पण तुम्ही शंभरात एक. माहा चुलतभाऊ हाच कोर्स करून राह्यला. व्हिडिओ दुप्पट स्पीडवर लावते, आवाज बंद करते अन् आंघोळीले जाते. चाचणीची उत्तरं टेलिग्रामवर. शेवटची परीक्षा अमरावतीले, म्हणजे एक दिवस अन् एष्टीचं भाडं गेलं. सगळं इंग्रजीत, ते वेगळंच. नोकरीचं म्हणाल तं यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेले एमएस्सी लागते. पहिल्या वर्षाच्या चार क्रेडिटले तिथं कुत्रं तरी विचारते काय?

निवृत्त_मास्तर:
खाटेवर हातपाय मारून पोहता येत नाही. भूशास्त्र पायांनी शिकायचा विषय आहे. मी दरवर्षी पोरांना एष्टीनं लोणारला नेत असे. बेसाल्टात उल्का आदळून झालेलं विवर, व्यास १.८ किलोमीटर, वय ५२ हजार वर्षं. काठावर नेऊन आधी नुसता वास घ्यायला लावायचो. पोरं नाक धरायची. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा १५ वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, तेच घाण पाणी ना?" हा धडा तुमच्या मोबाईलमधून कसा येणार?

चार_खुंट्या:
मास्तर, ५२ हजार हा जुना आकडा. दगडातला आर्गॉन वायू मोजून काढलेलं वय २०११ मध्येच आलंय, साधारण ५ लाख ७० हजार वर्षं. पाणी गुलाबी झालं ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. कोर्स केला असता तर कळलं असतं.

निवृत्त_मास्तर:
आकडा दुरुस्त केला. आभार. वासात मात्र फरक पडलेला नाही.

दारव्ह्याचा_नातू:
कोर्स-बिर्स राहू द्या बाजूले. माह्या आबाजीनं शंभराच्या वर विहिरींचं पाणी पाह्यलं. हातात उंबराची फांदी, नाईतर तळहातावर नारळ. नारळ उभा झाला का तिथंच कुदळ मारा. चौथी शिकलेला माणूस. आता त्याच गावात पोरं मोबाईलवर पाणी शोधून राह्यले अन् टँकर येऊन राह्यला.

चार_खुंट्या:
हे येणारच होतं. शंभर लागल्या म्हणता, कोरड्या किती गेल्या ते कोणी मोजलं? दारव्हा म्हणजे दख्खनचा लाव्हा. वरच्या मुरमात आणि सडक्या दगडात दिवाळीपर्यंत बहुतेक ठिकाणी पाझर असतोच. नारळ आडवा पडला तिथं खोदलं असतं तरी पाणी लागलं असतं. खरा प्रश्न मे महिन्यात ते टिकतं का, हा. म्युनिकला १९८७-८८ मध्ये पाणाड्यांची मोठी चाचणी घेतली होती. खाली गोठ्यात पाण्याचा नळ इकडून तिकडं सरकवायचे, वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा सांगायची. पुढं दुसऱ्या अभ्यासकानं तेच आकडे तपासले, तर सगळा अंदाजपंचे कारभार निघाला.

दारव्ह्याचा_नातू:
म्युनिकात काळा पाषाण हाय काय? माहा आबा जमिनीतलं पाणी पाह्यते, नळाचं नाई.

आता तुमचं ऐका. माह्या काकाच्या वावरात मीटरवाले आले. चार खुंट्या ठोकल्या, वायर ओढली, कागदावर रेघ काढली अन् म्हणे हमखास. बोअरची गाडी रात्री अकराले लागली. आधी मुरमाची पिवळी माती, मंग काळी भुकटी. दीडशे फुटावर लाल गेरू आला, गाडीवाला म्हणे आता लागते. मंग पुन्हा काळी भुकटी. ३०० फूट. पहाटे काका धुऱ्यावर बसला होता, भुवया भुकटीनं भरलेल्या, अन् गाडीवाला पाइप मोजून बिल करून राह्यला होता. पाइपचं तोंड हाताले लावलं तं गरम फुफाटा. हे तुमचं विज्ञान.

वणीवाला:
धागा कोर्सवर होता ना? सगळे बोअरमध्ये उतरले.

चार_खुंट्या:
थांबा, याचं उत्तर देणं भाग आहे. जो "हमखास" म्हणाला तो बदमाश, हे लेखी देतो. यंत्राला पाणी दिसत नसतं, जमीन विजेला किती विरोध करते तेवढंच दिसतं. अखंड काळा पाषाण जास्त विरोध करतो, ओली भेग कमी. पण ओली चिकणमातीही कमीच करते आणि खारं पाणीही. धागाकर्तीच्या गावात यंत्र लावलं तर जिथं तिथं पाणीच पाणी दाखवेल आणि त्यातलं घोटभर पिववणार नाही. तुमचा लाल गेरू म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली भाजकी माती. तिच्या आसपास पाणी मिळतं, म्हणून गाडीवाल्याला आशा वाटली. थर चिकण निघाला की तोच पाणी अडवतो. काकांचं नुकसान झालं, ते खरंच आहे.

दारव्ह्याचा_नातू:
मंग फरक काय राह्यला? आबा चुकला तं नारळ फोडून खाता येते. तुम्ही चुकले तं ३०० फुटाचं बिल.

चार_खुंट्या:
फरक हा की माझी चूक कुठं झाली ते मला सांगता येतं. आबांना येतं का?

दारव्ह्याचा_नातू:
आबाले मधात घ्याचं काम नाई. सांगून ठेवतो.

वणीवाला:
मी कोर्सवर बोलतो, कोणाला तरी बोलावंच लागेल. आमच्याकडं खाली पंचवीस कोटी वर्षांहून जुना कोळसा आणि वर आम्ही. खुली खाण खोल जाते तसं ती भोवतालचं पाणी ओढते. खाणवाले ते उपसून नाल्यात सोडतात, म्हणजे नाला बारमाही आणि विहिरी कोरड्या. ब्लास्टिंगनं आमच्या न्हाणीची भिंत कोनाड्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. अर्ज केला, उत्तर आलं की बांधकाम जुनं आहे. घर २०१४ चं आहे! असो.

माझी भाची तुमचाच हा कोर्स करते. खाणीच्या विस्ताराच्या जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत येतो, आजवर तो आम्ही कोणी उघडला नव्हता. पोरगी दोन दुपारी बसून वाचत होती. मंडपात उभी राहून म्हणाली, विहिरींची पातळी पावसाळ्यानंतरची दिलीय, मे महिन्याची कुठं आहे? मंचावर पाच मिनिटं नुसती पानं चाळणं चाललं होतं. शेजारच्या गावचे पाटील मला म्हणतात, "कोणाची हो पोरगी?"

भरती_भाऊ:
मंग? मे महिन्याचे आकडे भेटले?

वणीवाला:
"सूचना नोंदवून घेतली." एवढंच.

भरती_भाऊ:
तेच म्हणून राह्यलो मी. टाळ्या भेटल्या, बाकी काय? तिले नोकरी लागली काय?

वणीवाला:
तुम्ही लागलात का भरतीत?

भरती_भाऊ:
तीन मार्कांनी गेलं. दुसऱ्यांदा. हसा आता.

वणीवाला:
नाही हो. ते लिहायला नको होतं. शब्द मागे घेतो.

खारपाणी:
भाऊ, टेलिग्रामचं तुमचं म्हणणं खरंच आहे. माझ्या बॅचच्या अर्ध्या पोरांनी तेच केलं, आणि भ्रंशाच्या आठवड्यात एकदा मीही केलंय. पण त्याचा दोष भूशास्त्राच्या माथी कशाला? तुमच्या भरतीच्या सराव परीक्षेची उत्तरं कुठं फिरतात?

मास्तर, खाटेवरचं पोहणंही मान्य. बारा आठवड्यांत एकानंही आम्हाला गावातल्या विहिरीत डोकावायला सांगितलं नाही. काठ खचलेली विहीर म्हणजे फुकटचा छेद, थरन् थर दिसतो. पण सहल काढणारं कॉलेज आमच्या तालुक्यात होतं कुठं? मला मोबाईल किंवा काहीच नाही, एवढीच निवड होती. तुमच्या एष्टीत जागा असती तर गच्चीवर बसले नसते.

निवृत्त_मास्तर:
मुलींना नेत नसे. पालक पाठवत नसत. हे आत्ता लिहिताना बरं वाटत नाही.

भरती_भाऊ:
बरं, कोर्स ठेवा. पण ऐच्छिक ठेवा, अन् मराठीत आणा. जिप्समचं जसं ताईनं सांगतलं तसं सांगणारं कोणी असन तं मी पण पाहीन. दीड स्पीडवर.

दारव्ह्याचा_नातू:
काका पुन्हा बोअर मारून राह्यला, येत्या रविवारी. आबा ८४ वर्षांचा हाय, पण येतो म्हणते. खुंट्यावाले, हिंमत असन तं या. आबा आपला दगड ठेवन, तुम्ही तुमचा ठेवा. नारळ आमचा.

चार_खुंट्या:
येतो. दोन्ही दगड एकाच जागी पडले तर श्रेय कोणाचं, ते आधीच लिहून ठेवू. फक्त यंत्राची अडचण आहे. ते कॉलेजच्या कपाटात, कपाटाची चावी लिपिकाकडं आणि लिपिक सोमवारपर्यंत रजेवर.

दारव्ह्याचा_नातू:
मंग दोन नारळ आणतो.