निराधारचे पैसे थांबले, काय करा लागते?

आर्वीकर: आमच्या काकूले संजय गांधी निराधारचे दीड हजार येत होते, उन्हाळ्यापासून बंद आहे, बँकेत म्हणे आधार लिंक आहे अन् तहसीलमधी म्हणे पैसे तर सुटले. काकूच्या बोटाचे ठसेबी उमटत नाही, निंदून निंदून घासले. काय करा लागते भाऊ?

वऱ्हाडी_पोरगा: भाऊ आता पैसे डीबीटीनं (म्हणजे सरकारकून थेट खात्यात) येतात, खात्याले आधार लिंक असणं वेगळं अन् एनपीसीआयचं मॅपिंग (आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत टाकाचे त्याची नोंद) वेगळं. दोन खाते असन तर दुसऱ्यात जाऊन पडले असतीन, जुनं जनधनचं पासबुक पहिले छापून पाहा. मॅपिंग कोणत्या बँकेचं हाय ते आधारच्या साईटवर दिसते.

काटोलची_ताई: हयातीचा दाखलाबी पाहून घ्या. मले तर उत्पन्नाच्या अटीचा लय राग येते, निराधार विधवा बाईले वर्षाचे २१,००० अन् लाडक्या बहिणीले अडीच लाख, पैसे दोन्हीत १,५०० च! रोजगार हमीवर शंभर दिवस गेली तरी बाई २१,००० च्या वर जाते, मंग तिनं कामावर जावंच नाही का?

आर्वीकर: जनधनचं पासबुक हाय ताई, सोमवारी काकूले घेऊनच जातो बँकेत.