दीड वर्षाचं मूल अजून पातळ पेजेवरच, काय करावं?

पाड्यावरची सेविका: जव्हारकडे अंगणवाडी चालवते. लावणी लागली की आया पहाटेच शेतावर, लेकरू आजीजवळ. आजी नाचणीची पातळ पेज पाजते, तेवढंच. मुलं अंगानं बरी दिसतात, पण उंचीच्या तक्त्यात मागे. मातासभेत सांगितलं की माना डोलावतात, घरी पुन्हा तेच. जीव तुटतो हो. कुणी काय केलंय?

धडगावची ताई: सभेला आया येतात, भरवते आजी. तिलाच बोलवा. तक्ते राहू द्या, चूल पेटवा. आम्ही चमचाभर पेज घेऊन चमचा तिरका करतो. भसकन ओघळली तर नुसतं पाणी, चमच्यावर ठरली तर जेवण. मग त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, थोडं तेल. पोट इवलंसं असतं, म्हणून घट्ट हवं, दिवसातून ३-४ वेळा. आणि ६ महिने पूर्ण होताच वरचं अन्न सुरू, अंगावरचं दूध २ वर्षांपर्यंत चालूच.

आरोग्यसेवक: अमृत आहार या सरकारी योजनेतून मुलांना मिळणारं अंडं घरी गेलं की चार भावंडांत वाटलं जातं. केंद्रातच भरवा. सारखे जुलाब होत असतील तर तेही बघा, खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची खुंटते. भरवण्याआधी आजीचे हात साबणानं धुतलेले हवेत.

पाड्यावरची सेविका: आजींना संध्याकाळी बोलावते, तेव्हा मोकळ्या असतात. अंडं कुस्करून पेजेत घातलं तर चालेल ना?

धडगावची ताई: चालेल, फक्त पूर्ण उकडलेलं असू द्या.